क्षीरसागर शेवटी बोलतील

मॅडम, आपल्या पेपरचं प्रूफ आलं आहे.

दवाखान्यात तुम्ही रोज विचारायचात, "आलं का गं?" आणि मी रोज नाही म्हणायचे. तुम्ही गेलात, त्याच्या पुढच्या आठवड्यात ते आलं. चार नावं आहेत, आपल्या नेहमीच्या क्रमानं: अग्निहोत्री, गायकवाड, पठाण, क्षीरसागर. मी कळवलं होतं म्हणून तुमच्या नावाशेजारी त्यांनी एक बारीक खूण केली आहे आणि पानाच्या तळाशी तिचा अर्थ दिला आहे. तो मी एकदाच वाचला. सोबत, छापण्याआधी लेखकांना विचारलेले काही प्रश्न आहेत. त्यातला पहिलाच: नावांचा क्रम बरोबर आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगायचं आहे.

मी रोज ती फाइल उघडते आणि बंद करते. 'नाही' म्हटलं तर तुमचं नाव पहिलं करता येतं, आणि या वेळी मला अडवायला तुम्ही नाही.

या क्रमावरून आपण किती भांडलो! म्हणजे भांडलात तुम्ही. मी खाली बघून तेच तेच वाक्य पुन्हा बोलायचे. तुम्ही म्हणायचात, "तुझं भांडण म्हणजे गळक्या नळासारखं हाय. आवाज नाय, पण थांबत बी नाय."

मी तुमच्याकडे पीएचडीला आले तेव्हा शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्या दिवशी आई ऑफिसातून रजा घ्यायची. मला भूजल म्हणजे काय हे छान इंग्रजीत सांगता येत होतं. मुलाखतीत मी ते सांगितलंही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "विहिरीत कधी वाकून बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं.

शनिवारी गंगापूर तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची आणि सोमवारी सकाळी संस्थेतल्या त्या लांबट खोलीत बसून कुणी काय पाहिलं ते एकेकानं सांगायचं, ही तुमची पद्धत. पहिल्या सोमवारी मी दाराजवळची खुर्ची धरून बसले होते. माझा बेत साधा होता. सगळे बोलतील, वेळ संपेल, मी सुटेन.

"आडनाव काय म्हणालीस?"

"अग्निहोत्री."

"मग पयली तूच. कर सुरू."

मला वाटलं, चेष्टा करताय. पठाण सर हसायला लागले. "अब तक गायकवाड फसता था. आज से तुम." गायकवाड सरांनी हात जोडले. "सुटलो बाबा एकदाचा."

मी काय बोलले ते आठवत नाही. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला येत नव्हते, म्हणून मी वहीच तुमच्यापुढे सरकवली, एवढं आठवतं. मग गायकवाड सर बोलले. मग मी तुमच्याकडे बघितलं, कारण माझ्या हिशेबानं आता तुमची पाळी होती. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. पठाण सर बोलायला लागले.

"मॅडम, के तर पी-च्या आधी येतो," मी म्हणाले. त्या दिवशीचं माझं पहिलं पूर्ण वाक्य.

"के नाय बाई, क्ष. क्ष कुठं येतो?"

मला माहीत नव्हतं. माझ्या शाळेत मराठी ही मान खाली घालून उरकायची तिसरी भाषा होती. तुम्ही टेबलावर बोटं वाजवत अ पासून सुरू केलंत आणि एका दमात शेवटपर्यंत गेलात. "क्ष, ज्ञ. झालं. माझ्या मागं फक्त ज्ञ. आन् ज्ञ-नं सुरू होणाऱ्या आडनावाचा माणूस मला अजून भेटलेला नाय."

तो क्रम कुठून आला हे तुम्ही नंतर एकदा सांगितलंत. काळ्यापिवळ्या जीपमध्ये आपण दोघी मागच्या बाकावर होतो. गावच्या शाळेत हजेरीला तुमचं नाव सगळ्यांत शेवटी यायचं. तोवर कोण आलं नाही, कोण दुसऱ्याच्या नावानं 'हजर' ओरडलं, गुरुजींचा आज मूड काय आहे, सगळं तुम्हाला समजलेलं असायचं. "शेवटी नाव असलं की ऐकायची सवय लागती," तुम्ही म्हणालात. आणि स्वतःचा गट उभा केल्यावर तुम्हाला कळलं, की मोठ्या माणसानं तर शेवटीच बोलायला पाहिजे. "मी आधी बोलले की तुम्ही समदे माझंच बोलता. गायकवाड तर वर मान बी हलवतो."

जसं बोलायचं, तशीच पेपरवर नावं. यात तुम्हाला काही विशेष वाटायचं नाही. इंग्रजी नियतकालिकात, इंग्रजी लिपीत, नावं मात्र आपल्या वर्णमालेच्या क्रमानं. जगात आणखी कुणी असं करत असेल असं मला वाटत नाही. वाचणाऱ्याला तो क्रम कळणार कसा? त्याला वाटणार, पहिलं नाव म्हणजे ज्यानं काम केलं तो. शेवटचं नाव म्हणजे फक्त जिची खोली, जिचा चहा.

तुमच्या बढतीच्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी नेमकं हेच विचारलं. कागद उलटसुलट करून ते म्हणाले, "यात सगळीकडे गायकवाड पहिले आहेत. तुमचं स्वतःचं काम कोणतं?"

"शेवटचं, साहेब," तुम्ही म्हणालात.

हा किस्सा तुम्ही हसून सांगायचात. पठाण सर सांगताना हसायचे नाहीत. त्या वर्षी बढती झाली नाही, पुढच्या खेपेलाही नाही. गायकवाड सर त्याच पेपरांवर पुण्याला प्राध्यापक होऊन गेले. निरोपाच्या दिवशी ते मला जिन्यात म्हणाले, "माझं आडनाव वाघ असतं ना, तर मी आज इथंच असतो." गेल्यावरही ते दर सोमवारी फोनवरून आपल्या बैठकीला हजर राहिले आणि दर सोमवारी माझ्यानंतर बोलले. तो माणूस तुमच्या ऋणात आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, त्याला फक्त ती खोली सोडवत नव्हती.

मॅडम, चिखलाची गोष्ट तुम्ही होतात तोवर मी बाहेर कुणाला सांगितली नव्हती. तुम्हीच सांगायचात, पाहुण्यांना, प्रत्येक वेळी थोडी वाढवून.

वाळूजच्या पुढे, जिथे शेताशेतांत 'एन.ए. प्लॉट' असे बोर्ड उगवायला लागले होते, तिथल्या एका विहिरीचं पाणी झपाट्यानं खाली जात होतं. आजूबाजूला पेरणी नव्हती, मोटारही बंद होती. त्या शनिवारी गायकवाड सरही पुण्याहून आले होते, आपण चौघंही तिथे होतो. परतताना जीपमध्ये सगळे पावसाबद्दल बोलत होते. सोमवारी मी पहिली, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. गप्प बसावं तर तुम्ही गप्प बसू देत नव्हतात. शेवटी मी म्हणाले, "तिथे चिखल होता."

"कुठं?" फोनवरून गायकवाड सर.

"रस्त्याच्या कडेला. बाकी सगळं रान कोरडं होतं. तेवढ्याच जागी चिखल होता, आणि त्यात जोडचाकांच्या खुणा होत्या."

मला वाटलं, मी मूर्खासारखं काहीतरी बोलले. मग गायकवाड सर बोलले, पठाण सर बोलले आणि तुमची पाळी आली. तुम्ही म्हणालात, "टँकर. भरताना सांडतंय."

त्याच्यानंतर तुम्ही पुढची वर्षं टँकरांच्या मागं काढलीत. कोणता टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, शहराच्या कोणत्या टोकाला रिकामा होतो. बीड बायपासच्या एका नव्या इमारतीचा वॉचमन तुम्हाला बघून लगबगीनं उठला होता.

"फ्लॅट बघायचा का मॅडम? वरचा एकच राहिलाय."

"फ्लॅट नाय रे. तुमचं पाणी कुठलं ते सांग."

"पाणी चोवीस तास आहे मॅडम. टँकरचं."

"आन् टँकर कुठला?"

"ते टँकरवाल्यालाच ठावं."

"बघ," तुम्ही मला म्हणालात, "एवढी मोठी बिल्डिंग, आन् कुणालाच माहीत नाय आपण कोणाच्या विहिरीतून पितो."

हा आपला पेपर. शहर वाढतं तेव्हा पाणी कुठून निघून जातं, आणि ते पावसाच्या खात्यावर कसं मांडलं जातं. पुढे कधीतरी तुम्ही मला सांगितलंत, "मी त्या दिवशी पावसाचंच बोलणार होते. आधी बोलले असते तर तुझा चिखल तुझ्यापाशीच वाळला असता."

आता भांडणाचं बोलते.

कंत्राटी नोकरीच्या अर्जासाठी मला माझ्या कामाची मोजणी करावी लागली, तेव्हा मी पहिल्यांदा हे नीट वाचलं. आपला पेपर दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात संदर्भ म्हणून घेतला, की ते एक सायटेशन. एवढ्यापर्यंत सोपं आहे. पण ते कुणाच्या नावावर टाकायचं? एक तऱ्हा म्हणजे सगळं पहिल्या नावाला द्यायचं, बाकीच्यांना काही नाही. दुसरी, प्रत्येकाला पूर्ण द्यायचं. तिसरी, जेवढी नावं तेवढे भाग करायचे. मी तुमचे सगळे पेपर घेतले आणि तिन्ही तऱ्हांनी मोजून बघितले. पहिलीत तुम्ही जवळजवळ नव्हताच. दुसरीत आपल्या विषयातल्या पहिल्या फळीत होतात. तिसरीत मधेच कुठेतरी. बाई तीच, पेपर तेच.

मी ते तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनच्या अगदी जवळ गेलात.

"म्हणजे मी हाय का नाय, हे मोजणाऱ्यावर."

"तुमच्या बढतीच्या समितीनं पहिली तऱ्हा धरली होती, मॅडम."

तुम्ही चष्मा परत डोळ्यांवर घेतलात. मग म्हणालात, "इतकी वर्षं झाली. छावणी भागात भाड्यानं राहते आन् पेपरात 'व इतर'मधी."

कुणीही तुमच्या कामाचा उल्लेख केला, की 'गायकवाड व इतर' असाच असायचा. मी हसले नाही. मला राग आला होता. मी विचारलं, तुम्हाला राग येत नाही का?

"येतो की. लई येतो. तू काय समजलीस, मी संत हाय? गायकवाडला प्राध्यापकाची ऑर्डर आली त्या दिवशी मी त्याला पेढा दिला आन् घरी जाऊन भांडी आपटली."

याच्यासाठी मी तुमची आयुष्यभर आभारी राहीन, मॅडम. त्या भांड्यांसाठी. तुम्ही मोठेपणाचा आव आणला असता तर मी काहीच शिकले नसते. राग येऊनही तुम्ही क्रम बदलला नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तुम्ही तुमचं ते विहिरींचं उदाहरण दिलंत. चार भावांच्या चार विहिरी, खाली झरा एकच. रस्त्याकडची एकच विहीर मोजली तर बाकीचे तिघं कागदावर कोरडे. प्रत्येकाची पूर्ण धरून बेरीज केली तर झऱ्यात नाही तेवढं पाणी निघतं. आणि सारखी वाटणी केली तर ज्यानं खोल खणलं तो म्हणणार, मी कशाला खणलं?

"मग बरोबर कोणतं?" मी विचारलं.

"झरा बघावा."

"समितीला झरा दिसत नाही मॅडम. त्यांच्याकडे रकाना असतो."

तुम्ही मोठ्यानं हसलात. "व्हय, ते बी खरंच हाय." त्या भांडणात मी जिंकलेला तेवढा एकच क्षण. पण उत्तर तुमच्याकडेही नव्हतं, हे तुम्ही लपवलं नाहीत.

या पेपरच्या वेळी मी ठरवून आले होते. क्षीरसागर पहिलं. निवृत्त झाला असलात तरी एकदा, शेवटी का होईना, लोकांनी 'क्षीरसागर व इतर' असं म्हणावं. पठाण सर माझ्या बाजूनं होते. "मॅडम, बस में बी आप पीछे, पेपर में बी आप पीछे. आगे कब आनेवाले?" तुम्ही म्हणालात, "मागून समदी बस दिसती, पठाण."

दवाखान्यात मी पुन्हा विषय काढला. तुम्ही खूप बारीक झाला होतात, आवाज मात्र तसाच होता. मी म्हणाले, "प्रूफ आलं की मी बदलणार आहे. चिखल मी बघितला, बाकी सगळं तुम्ही केलंत. माझं नाव पहिलं असणं खोटं आहे."

"बदल की," तुम्ही म्हणालात.

मला खरंच वाटलं, जिंकले.

"बदल. पण मग सोमवारी पयलं कोण बोलंल, ते बी ठरव."

तेवढ्यात नर्स आली, तिनं मला बाहेर पाठवलं. ते वाक्य आपल्या भांडणातलं शेवटचं ठरलं. त्यानंतर आपण साबुदाण्याच्या खिचडीबद्दल बोललो, खिडकीतून दिसणाऱ्या टँकरबद्दल बोललो. क्रमाबद्दल नाही.

शोकसभा त्याच खोलीत झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक व्हरांड्यात उभे होते. गंगापूरकडून एक जीप भरून माणसं आली होती, ज्यांच्या विहिरींत आपण वाकून बघायचो ती. संचालकांनी आधी पाहुण्यांना बोलवायचं ठरवलं होतं. गायकवाड सर पुण्याहून आले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हरकत नसेल तर आज आमच्या क्रमानं होऊ द्या."

संचालकांना काही कळलं नाही. पण खोलीतल्या तिघांना कळलं, आणि त्यातल्या दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मॅडम, मी एवढ्या माणसांसमोर कधीही बोललेली नाही. शाळेत बक्षीस मिळालं तरी मी आजारी पडायचे. मी उठले. खुर्चीची पाठ धरली. मी म्हणाले, "तिथे चिखल होता." मग ती गोष्ट सांगितली, तुम्ही पाहुण्यांना सांगायचात तशी, पण न वाढवता. मराठी आकडेसुद्धा बरोबर आले. गंगापूरकडची एक बाई पदर तोंडाला लावून मोठ्यानं म्हणाली, "व्हय, माझीच इहीर ती." लोक हसले. शोकसभेत हसले, आणि मला वाटलं, हे तुम्हाला फार आवडलं असतं.

माझ्यानंतर गायकवाड सर बोलले. आपली बढती कशामुळे झाली ते त्यांनी सगळ्यांसमोर, संचालकांकडे बघत सांगितलं. मग पठाण सर. त्यांना फार बोलता आलं नाही.

संचालक उठले, आता दोन मिनिटं स्तब्धता पाळू या, असं काहीतरी म्हणणार होते. पठाण सरांनी हात वर केला. "रुकिए साहब. मॅडम का बोलना बाकी है."

आणि आम्ही थांबलो. तुमची पाळी होती, म्हणून थांबलो. नेहमी तुम्ही बोलायच्या आधी असायची तीच ती शांतता होती. खिडकीकडची तुमची खुर्ची, बाहेर रस्त्यावर रिव्हर्स घेणाऱ्या टँकरचा आवाज. तुम्ही ऐकत असायचात तेव्हा मला माझंच बोलणं परत ऐकू यायचं आणि त्यातलं खरं किती, ते कळायचं. त्या दिवशीही कळलं.

म्हणून आज रविवारी दुपारी मी प्रूफच्या प्रश्नाला उत्तर दिलं. क्रम बरोबर आहे: हो. लेखकांनी काय काय काम केलं हे सांगायला तळाशी चार ओळींची जागा असते. तिथे मी लिहिलं, की या गटात नावं मराठी वर्णमालेच्या क्रमानं येतात आणि त्याच क्रमानं सगळे बोलतात. हा अभ्यास शेवटच्या लेखिकेनं उभा केला आणि तिनं आधी सगळ्यांचं ऐकलं. मोजणाऱ्या यंत्राला ही ओळ वाचता येणार नाही. एखाद्या माणसाला येईल.

पुढच्या महिन्यात कायम जागेसाठी माझी मुलाखत आहे. तिथे हा पेपर माझ्याच नावावर मोजला जाईल, 'अग्निहोत्री व इतर'. कुणीतरी कागद उलटून विचारेल, यात तुमचं स्वतःचं काम कोणतं? पूर्वी मी खाली बघितलं असतं. आता सांगेन, चिखल मी बघितला आणि मी आधी बोलले. मग त्या 'इतर'मध्ये कोण राहतं, तेही सांगेन. त्यांनी विचारलं नाही तरी.

उद्या सोमवार आहे, मॅडम. पहिली मी.